फोन कट करायची शिकवणी

सांगलीत हळदीचा हंगाम सुरू झाला की माझ्या दुकानात पिवळे फोन यायला लागतात. मार्केट यार्डातले हमाल, तोलाईदार, अडतीवर बसणारे शेटजी, सगळ्यांच्या फोनच्या चार्जिंगच्या भोकात हळद जाऊन बसलेली असते. स्पीकरच्या जाळीत हळद, बटणांच्या कडेला हळद. "ताई, चार्जर धरून बसलं तरच चार्ज होतोय," ही सगळ्यांची एकच तक्रार. मऊ ब्रश घ्यायचा, हलक्या हाताने भोक साफ करायचं आणि फोन परत द्यायचा. गुळाच्या दिवसांत काम जरा अवघड होतं, कारण गूळ झटकून जात नाही आणि त्याच्या वासाने मुंग्या आत शिरतात. फोन उघडल्यावर आतून मुंग्यांची रांग निघाली की गिऱ्हाईक माझ्याकडे असं बघतं, जणू मीच त्या सोडल्यात.

दुरुस्तीचा कोर्स केला तेव्हा वर्गात मी एकटी बाई होते. दुकान थाटल्यावर पहिली काही वर्षं लोक यायचे, मला बघायचे आणि विचारायचे, "मालक कुठायत?" आता कोणी विचारत नाही. वीसेक वर्षं त्याच खुर्चीवर बसून मला एक गोष्ट कळली आहे. दुरुस्तीला येणाऱ्या फोनांतले निम्मे बिघडलेलेच नसतात. आवाज येत नाही म्हणून आणतात, तर अंगठ्याने चुकून आवाज कमी झालेला असतो. स्क्रीन गेली म्हणतात, तर उजेड पार खाली उतरलेला असतो. फोन ठणठणीत असतो, माणूस तेवढा धास्तावलेला असतो. मग मी काउंटरवरच समजावून सांगायला लागले. ऐकणारे वाढले, तशी सोमवारी दुपारी गिऱ्हाईक कमी असताना दुकानातच शिकवणी सुरू झाली. येणारे सगळे साठीच्या पुढचे. मी मांडलेल्या स्टुलांवर ते बसत आणि फोन मात्र मांडीवर पिशवीत ठेवत, कोंबडीचं पिल्लू धरावं तसा.

राजाक्का त्या शिकवणीला कुंडलहून एसटीने यायच्या. मुलगा संभाजी लष्करात, दूर सरहद्दीवर. सुट्टीवर आला तेव्हा त्याने माझ्याच दुकानातून आईला फोन घेऊन दिला आणि तो परत गेला. पुढच्याच सोमवारी राजाक्का फोन खणात गुंडाळून दारात हजर.

"ताई, मला फोन लावाय शिकवू नगा," त्या म्हणाल्या. "आदी उचलाय शिकवा. लेकराला तिकडं कवातरी रेंज घावती. त्यो फोन लावतोय आन माझ्या हातनं उचलंचना."

मी माझ्या फोनवरून त्यांना रिंग दिली. हिरवं चिन्ह आलं. ते बोटाने सरकवायचं असतं. त्यांनी सरकवलं, काही झालं नाही. परत सरकवलं, तरीही नाही. मला आधी वाटलं, दाबतायत. मग त्यांचा हात हातात घेतला तेव्हा उमगलं. जन्मभर तणाची भांगलण, उसाचा पाला, शिजलेली हळद पसरणं, शेणाचे हात. बोटांची कातडी इतकी राठ झालेली की काचेला ती बोटं बोटंच वाटत नव्हती. वर पुन्हा फोनला जाड काच चिकटवलेली. मी ती काढून पातळ बसवली, सेटिंगमध्ये जाऊन स्पर्श जास्त हळवा केला आणि म्हटलं, "राजाक्का, करंगळीनं बघा."

करंगळीने उचलला गेला. त्या फोनमध्ये "हॅलो" म्हणाल्या, समोर मी "हॅलो" म्हटलं, आणि त्या हसून स्टुलावरून पडायच्या राहिल्या. "आजवर ह्या करंगळीनं कायबी काम केलं न्हवतं," त्या म्हणाल्या. "आता लागली बया कामाला."

फोनचं कुलूपही आम्ही करंगळीच्याच ठशावर लावलं. बाकीच्या बोटांचे ठसे झिजून गेले होते.

त्यानंतर राजाक्का ज्या वेगाने शिकल्या, तसं शिकणारं माणूस माझ्या दुकानात क्वचित आलं असेल. शाळा दुसरीपर्यंत. वाचायच्या ते एकेक अक्षर लावून. पण चित्र एकदा बघितलं की पक्कं. अक्षरं मोठी करणं, व्हिडिओ कॉल, बोलून निरोप पाठवणं, अंधारात बॅटरी लावणं, नको त्या नंबराला अडवून टाकणं, सगळं हातात बसलं. निळ्या अक्षरांच्या ओळीवर बोट ठेवायचं नाही, मेसेजमधून आलेला आकडा कोणी मागितला तर सख्ख्या भावालाही सांगायचा नाही, हेही बसलं. एकच गोष्ट बसेना. त्यांना फोन कट करता येईना.

म्हणजे लाल चिन्ह माहीत होतं, बोटही पोचायचं. मन पोचत नव्हतं. आपल्याकडे दारात आलेल्या माणसाला बोलता बोलता कोणी तोडत नाही. राजाक्का "बरं, ठेवते हं" म्हणायच्या आणि समोरचा "ठेवा" म्हणेपर्यंत फोन कानाला धरून बसायच्या. समोरच्याने ठेवला नाही तर तो तसाच चालू. माझ्या बऱ्याच म्हाताऱ्या विद्यार्थ्यांचं हेच होतं, आणि मला त्याची काळजी वाटायची. फसवणारे लोक नेमके या सभ्यपणावर जगतात. त्यांना माणूस हुशार आहे की अडाणी याच्याशी देणंघेणं नसतं. तो फोन ठेवत नाही, एवढंच त्यांना पुरतं.

म्हणून मी कट करायची तालीम सुरू केली. एकाने दुसऱ्याला फोन करायचा, काहीतरी धाक दाखवायचा, आणि दुसऱ्याने त्याचं वाक्य अर्ध्यात असताना फोन बंद करायचा. दुकानात नुसता हशा. एक निवृत्त कंडक्टर होते, त्यांना पहिल्याच फटक्यात जमलं. राजाक्कांना मीच फोन केला. "मी बँकेतून बोलतेय, तुमचं खातं बंद होणार आहे..."

"व्हय का? बरं बरं. मग काय करायचं म्हंता?"

"राजाक्का, कट करा!"

"आवं पर तुमी बोलाय लागलाय की!"

शेवटपर्यंत त्यांना ते जमलं नाही. मी नाद सोडला.

वर्षभराने त्यांनीच मला गावात आणलं. "आमच्या बायकांस्नी सांगलीला याया जमत न्हाई, तुमीच या." मग महिन्यातून एकदा मी स्कूटीवरून कुंडलला जायला लागले. समाजमंदिरात सतरंजी टाकून शिकवणी. गर्दी राजाक्काच गोळा करायच्या. मी एकदा सांगितलेलं त्या मागच्या रांगेतल्या बायकांना आपल्या भाषेत परत सांगायच्या आणि ते माझ्यापेक्षा चांगलं कळायचं.

राजाक्कांच्या शेजारी सुभेदार आण्णा राहायचे. त्यांच्या नवऱ्याचे चुलतभाऊ, म्हणून त्या त्यांना भावजी म्हणत आणि ते यांना वैनी. फौजेतून निवृत्त, बायको वारलेली, मुलगी पुण्यात नोकरीला. ताठ चालणारा, कमी बोलणारा, गावात ज्याच्या शब्दाला वजन आहे असा माणूस. शिकवणीला ते यायचे नाहीत, पण समाजमंदिराची किल्ली त्यांच्याकडे असायची आणि आम्ही पोचायच्या आधी दार उघडलेलं असायचं. राजाक्का रोज सकाळी त्यांच्या घरी दूध द्यायच्या.

एका सकाळी दुकान उघडून मी एका फोनची स्क्रीन काढत होते, तेवढ्यात राजाक्कांचा फोन आला. आवाज दबलेला.

"ताई, भावजींच्या फोनात पोलीस हाय. त्येनला हालू देईना."

मी हातातलं काम खाली ठेवलं. "म्हणजे काय झालंय? नीट सांगा."

"दिवसाढवळ्या दार लावून बसल्यात. कवा दार लावत न्हाईत ते. मी खिडकीतनं बगितलं. टेबलावर फोन हुबा केलाय, त्यात वर्दीतला सायब हाय, मागं झेंडा हाय. भावजी म्होरं ताठ बसल्यात. मला बगितलं तर हातानंच म्हनले, जा जा. डोळं लाल झाल्यात ताई त्येंचं."

मला लगेच कळलं. हा खेळ मी ऐकून होते. तुमच्या नावाने बंदी असलेला माल सापडलाय, तुम्हाला फोनवरच अटक झाली आहे, कॅमेऱ्यासमोरून उठायचं नाही, कोणाला सांगायचं नाही, असं म्हणत माणसाला घरातल्या घरात कोंडतात आणि शेवटी बँकेत पाठवतात. मी म्हटलं, "राजाक्का, तो पोलीस नाही. अशी फोनवर अटक नसतेच मुळी. पोलिसाला अटक करायची असली तर तो दारात येतो. आत जा आणि तो फोन बंद करा."

"मी?" त्या म्हणाल्या. "भावजींचा फोन? आन त्यो सायब बोलाय लागलाय त्यात..."

"राजाक्का, बंद करा."

त्या निघाल्या, पण माझा फोन त्यांनी ठेवला नाही. सवयीप्रमाणे तसाच चालू कमरेला खोचला असणार, कारण पुढचं सगळं मी सांगलीत बसून ऐकलं. बांगड्यांचा आवाज. मागच्या दाराची कडी. मग एक जाड, हुकमी आवाज, हिंदीत. मग आण्णा, मी कधी ऐकला नव्हता अशा बारीक आवाजात: "वैनी, भाईर जावा. आर्डर हाय."

"कसली आर्डर? सकाळपास्नं च्या तरी घेतलाय का?"

"कौन है वो औरत?" फोनमधला माणूस ओरडला. "कैमरा घुमाओ! किसी को अंदर आने को मना किया था न? तुम्हारी बेटी को भी उठा लेंगे!"

आणि मग राजाक्का, नेहमीच्याच आवाजात, पाहुण्याशी बोलावं तशा म्हणाल्या, "सायब, दूध उतू जाया लागलंय. ठेवते हं."

आणि समोरच्याने "ठेवा" म्हणायची वाट न बघता त्यांनी तो ठेवला.

त्यानंतर आण्णा जे ओरडले ते सगळं मी लिहीत नाही. "काय केलंस हे! आता पोरीला धरून न्हेतील!" असं ते परत परत म्हणत होते. फोन लगेच वाजायला लागला. वाजतच राहिला. राजाक्कांनी तो उचलून ज्वारीच्या पिठाच्या डब्यात घातला आणि झाकण लावलं. डब्यातून येणारी ती रिंग मलाही ऐकू येत होती. मग त्यांनी स्वतःचा फोन कमरेतून काढला आणि मी अजून त्यात आहे हे बघून त्यांना नवल वाटलं.

"ताई हायसा व्हय? पोरीचा नंबर हाय माज्याकडं. तिला लावते."

ही गोष्ट मला सुचली नव्हती. माझं डोकं कायद्यात अडकलं होतं, राजाक्कांचं नेमकं जिथे दुखत होतं तिथे गेलं. पुढचं मला नंतर कळलं: माझा फोन ठेवून त्यांनी आण्णांच्या मुलीला व्हिडिओ कॉल लावला. ती ऑफिसात होती. राजाक्कांनी फोन आण्णांच्या तोंडासमोर धरला आणि म्हणाल्या, "बगा. कुनी न्हेलीया का तिला?"

मी दुकान बंद करून दुपारी कुंडलला पोचले. आण्णा ओसरीवर बसले होते. राजाक्कांनी त्यांना बळेच भाकरी खायला घातली होती. पैसे गेले नव्हते. खिशात फोन चालू ठेवून दुपारी बँकेत जायचं आणि ठेव मोडायची, असं त्या फोनमधल्या माणसाने ठरवून दिलं होतं. मी त्यांना सगळा डाव समजावून सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं.

"मी त्येला वळखपत्र दाव म्हनलो," ते म्हणाले. "त्येनं दावलं. शिक्का बगितला. मी असाच न्हाई इश्वास ठेवला."

"माहितेय आण्णा."

"बरफात हुबा राहिलोय मी. गोळीबारात पाय लटपटला न्हाई कवा. आन आज येका मोबाईलनं मला सकाळभर लघवीला सुदिक उटू दिलं न्हाई."

राजाक्का आतून म्हणाल्या, "तुमी आर्डर पाळनारं मानूस. त्येला ठावं हुतं ते." माझ्या मते त्या दिवशी यापेक्षा खरं कोणी काही बोललं नाही.

मी तक्रार करायचा आग्रह धरला. नंबर होते, वेळ होती. आण्णांनी नाही म्हणून मान हलवली. "ठान्यातली पोरं वळखीची हायत माझ्या. त्यातल्या येकाला भरतीसाठी पळाय मीच शिकिवलंय. काय तोंड दावू?" मी फार ताणलं नाही. पिठाच्या डब्यातला फोन तेवढा साफ करायला सोबत घेतला.

राजाक्कांनी गावात कोणाला काही सांगितलं नाही. माझ्याजवळसुद्धा तो विषय परत काढला नाही. पण आण्णा पारावर बसायचे बंद झाले, हे त्यांच्याकडूनच कळलं. दूध घ्यायला दार उघडायचे तेवढंच. पुढच्या महिन्यात मी कुंडलला गेले तेव्हा समाजमंदिराचं दार उघडलेलं होतं, पण किल्ली दुसऱ्या कोणाकडून आली होती.

त्याच्या पुढच्या महिन्यात शिकवणी अर्ध्यावर आली असताना आण्णा दारात उभे राहिले. इस्त्रीचा कोट, त्यावर पदकं, पायांत चकचकीत बूट. बायकांनी पदर सावरले. त्यांनी बूट बाहेर काढले, पुढे आले आणि मला म्हणाले, "ताई, मला धा मिंटं बोलू द्या."

मी बाजूला झाले. ते सावधानच्या पवित्र्यात उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. वर्दी बघून आपण खुर्चीत ताठ बसलो, हे सांगितलं. मुलीचं नाव घेतल्यावर रडू आलं, हे सांगितलं. लघवीचंही सांगितलं. मला धाकधूक होती की कोणीतरी हसेल. त्या सतरंजीवर कोणी हललंसुद्धा नाही. शेवटी ते म्हणाले, "वैनी आल्या न्हसत्या तर मी बँकेत गेलो असतो. ही गोष्ट मी दोन म्हैनं पोटात ठिवली. ठिवायला नगो हुती. आपुन गप बसतो म्हनून त्येंचं फावतं. झालं एवढंच."

ते खाली बसले. राजाक्कांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही, फक्त पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

मी पुढचं शिकवायला उठले, तेवढ्यात मागच्या रांगेतली एक तरणी सून उभी राहिली. ती दर वेळी यायची, पण कधी तोंड उघडायची नाही. तिने माझ्याकडे बघितलं नाही. आण्णांकडे बघून म्हणाली, "आबा, मला बी येतोय फोन. परवापास्नं. माझं फोटू हायत म्हनतोय. तसलं. मी काढलेलं न्हाईत ओ, त्येनंच बनिवल्यात. घरात कुनाला म्हायती न्हाई."

राजाक्का उठून तिच्याजवळ जाऊन बसल्या. आण्णाही उठले. त्यांनी तिला एकही प्रश्न विचारला नाही.

"काय हाय ते मला सांगू नगा," ते म्हणाले. "वैनींना सांगा. ठान्यात मी संगं येतो. आत्ताच जाऊ."

शिकवणी तिथेच थांबली. रिक्षातून राजाक्का आणि ती सून, मागे स्कूटीवर मी, आणि पुढे आपल्या मोटारसायकलवर आण्णा, असे आम्ही निघालो. सुनेला धमकावणाऱ्या त्या माणसाचं पुढे काय झालं ते मला पक्कं माहीत नाही. फोन बंद झाले, एवढं माहीत आहे. सुनेच्या घरच्यांना राजाक्कांनी आपल्या पद्धतीने समजावलं आणि ती अजून शिकवणीला येते, हेही माहीत आहे.

पण मला आठवतो तो ठाण्यातला क्षण. ती पोरगी दारातच थबकली होती. आत टेबलामागे एक तरुण हवालदार बसलेला. आण्णांना बघून तो खाडकन उठला, "सर, तुमी? कुनाची तक्रार हाय?"

त्याने कागद पुढे ओढला आणि सुनेकडे बघितलं. तिने मान खाली घातली. आण्णा तिच्या आणि टेबलाच्या मध्ये जाऊन उभे राहिले.

"आदी माझी लिवून घे," ते म्हणाले. "तवर तिला बसाय खुर्ची दे."